चकचकीत पत्र्यापर्यंतचं अंतर मोजू या

बेंगळुरूच्या एसपी रोडवरून व्हीएल५३एल०एक्स लेझर सेन्सर आणि आर्डुइनो उनो घेऊन आलात ना? मग पॉलिश केलेला स्टीलचा पत्रा, स्टीलची पट्टी, गुण्या, पांढरं जाड कार्ड, ए४ कागद आणि टेप टेबलावर मांडा. चला!

१. सेन्सरच्या भिंगावर पातळ फिल्म असेल तर चिमट्याने काढा. ती राहिली तर सगळे आकडे बिघडतील.

२. व्हीआयएन पिन उनोच्या ५ व्होल्टला जोडा. पिनवर ३.३ व्होल्ट लिहिलं असेल तर मात्र ५ देऊ नका.

३. जीएनडी जीएनडीला जोडा.

४. एसडीए उनोच्या ए४ पिनला जोडा.

५. एससीएल ए५ पिनला जोडा. या दोन वायरींची अदलाबदल झाली की सेन्सर सापडतच नाही.

६. कॉम्प्युटरला यूएसबी केबल लावा.

७. आर्डुइनो आयडीईच्या लायब्ररी मॅनेजरमधून पोलोलूची व्हीएल५३एल०एक्स लायब्ररी घ्या.

८. तिचं 'सिंगल' हे उदाहरण उघडा.

९. हाय ॲक्युरसीच्या ओळीआधीच्या दोन तिरक्या रेघा पुसा. लाँग रेंजच्या रेघांना हात लावू नका.

१०. अपलोड करा.

११. सिरियल मॉनिटर ९६००वर उघडा. आकडे मिलिमीटरमध्ये येतील. लाल ठिपका शोधत बसू नका, हा प्रकाश ९४० नॅनोमीटरचा आहे, डोळ्यांना दिसत नाही.

१२. सेन्सर क्लॅम्पने घट्ट बसवा. खिडकीतलं ऊन समोर येणार नाही अशी जागा निवडा.

१३. पट्टीने मोजून ३०० मिमीवर कार्ड उभं करा.

१४. सेन्सरच्या आकड्यातून पट्टीवरचं अंतर वजा करून फरक लिहून ठेवा. ३०८ दिसलं तर फरक ८.

१५. कार्ड काढून पत्रा समोर लावा.

१६. पत्रा किंचित तिरका करून आकडा पाहा. तो एकदम वाढला तर सेन्सर पत्र्यात आरशासारखी दिसणारी भिंत मोजतोय! असा आकडा वापरूच नका.

१७. गुण्या लावून पत्रा पुन्हा काटकोनात आणा.

१८. सेन्सरच्या बरोबर समोर ए४ कागद पत्र्याला सपाट चिकटवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तिकिटाएवढा तुकडा पुरत नाही, कारण सेन्सर सुमारे २५ अंशांचा पसारा पाहतो. ३०० मिमीवर तो जवळजवळ १३३ मिमी रुंद होतो. ए४ची रुंदी साधारण ४५० मिमी अंतरापर्यंत चालते, त्यापुढे मोठा कागद घ्या. कागदाला सुरकुती नको.

१९. दहा आकडे लिहून घ्या. ८१९०च्या आसपासचे खोडून टाका, तिथे सेन्सरला काही दिसलेलंच नसतं.

२०. उरलेले आकडे चढत्या क्रमाने लावून मधला निवडा; मधले दोन असतील तर त्यांची सरासरी घ्या.

२१. त्यातून १४व्या पायरीचा फरक वजा करा. हेच तुमचं अंतर.