दोराशिवाय घोडी ऐकेल का?

प्रश्न: सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली माझी मारवाडी घोडी मोकळी सोडली की गाजरासाठी थेट खिशालाच तोंड लावते, चावतेही. दोर न लावता तिला शिकवता येईल का?

उत्तर: येईल, पण आधी खिशाचं प्रकरण मिटवा. सुरुवातीला ती कुंपणाच्या आत, तुम्ही बाहेर. तिने मान तुमच्यापासून वळवून सरळ धरली, की त्याच क्षणी क्लिकर (दाबला की ‘टक्’ असा आवाज करणारी छोटी डबी) वाजवा आणि हात लांब करून तुकडा द्या. क्लिकरऐवजी जीभ वाजवू नका; पुष्कळ घोड्यांना तो ‘चल’चा इशारा असतो. खिसा हुंगला तर काहीच मिळणार नाही, रागावणंही नाही. आवाज आधी, हात नंतर. हा क्रम उलटला तर ती फक्त तुमच्या हातावर डोळा ठेवते.

मग काठीला चेंडू बांधा. नाकाने शिवला की क्लिक. चेंडू हळूहळू पुढे न्या, ती मागोमाग चालेल. उपाशी घोडीला शिकवायला घेऊ नका, हावरेपणा वाढतो. आधी पोटभर चारा. पाच मिनिटं पुरेत. मध्येच निघून गेली तर पाठलाग नको. वारंवार जात असेल, तर पायरी अवघड आहे, सोपी करा.