खताची टाकी उपसताना उडणारी धूळ

मैत्रिणींनो, ओला-सुका कचरा वेगळा करणं आणि खत तयार करणं हे काम आता काही गावांत गटांकडं आलं आहे. कचऱ्याचा वास आला की आपण पदर नाकाला लावतो. पण तयार खताला वास नसतो, म्हणून तिथं आपण बिनधास्त असतो. या कामात छातीला त्रास होतो तो मात्र बराचसा तिथंच.

ओला कचरा कुजतो तेव्हा आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो. त्यात बरेच रोगजंतू मरतात आणि उष्णता सोसणारे जिवाणू व बुरशी मागे राहतात. ढीग फोडल्यावर राखेसारखा पांढरट थर दिसतो ना? आपण म्हणतो, खत जळालं. ते जळालेलं नसतं, तो याच जिवांचा थर असतो. अशा ढिगात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी हमखास असते. तिचे कण 2-3 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

पुसदच्या नाडेपकाकांच्या पद्धतीत टाकी शेणमातीनं लिंपून तीन-चार महिने बंद राहते. तोवर धोका कमी. टाकी उपसायची आणि खत चाळायचं, ते दोन-तीन दिवस खरे जपायचे. त्यात आपल्या परभणीचा एप्रिल-मे म्हणजे खताचा नुसता भुगा!

त्या दिवशी संध्याकाळी कणकण, थंडी, अंगदुखी, छाती जड, आणि दुसऱ्या दिवशी बरं, असं झालं तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. धूळ घेतल्यावर 4 ते 8 तासांनी असा ताप येतो. मेलेल्या जिवाणूंचे अंशही तो आणतात, म्हणून अँटिबायोटिकनं तो जात नाही. डॉक्टरांना काम काय केलं आणि किती वाजता केलं, हे आपणहून सांगा. पुन्हा पुन्हा झालं तर फुप्फुस कायमचं खराब होऊन दम लागू शकतो. भिजून बुरसलेला कडबा झाडतानाही हेच होतं.

दमा असलेल्या, साखर ताब्यात नसलेल्या, स्टेरॉइड चालू असलेल्या ताईंना चाळणीचं काम देऊ नका. जुना टीबी झालेलीलाही नको. टीबीनं फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर ही बुरशी तिथं घर करते, खोकल्यातून रक्त येतं, आणि टीबी उलटला असंच वाटतं.

उपाय साधाच, पाण्याचा. आदल्या संध्याकाळी खतावर पाणी शिंपडा. मूठभर खत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पाणी गळायला नको. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. लेकरांना शेडमध्ये आणू नका आणि तिथं भाकरी खाऊ नका.

पदरानं किंवा रुमालानं हे कण अडत नाहीत, एन-95 मास्कच लागतो. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांत कामगारांना हातमोजे, बूट, मास्क द्यायचे असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे ही काही मेहेरबानी नाही. ग्रामपंचायतीशी करारनामा करताना मास्क कोण देणार आणि महिन्याला किती देणार, हे लिहूनच घ्या. मास्क ओला झाला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला की बदलावा लागतो, तेव्हा एकीला एक असा हिशोब धरू नका.