मिस्कील जलरंग : पाहावे कसे?

चित्रप्रदर्शन म्हटले की आपल्यापैकी अनेकांची पावले दाराशीच घुटमळतात. 'आपल्याला त्यातले काय कळणार?' हा संकोच आड येतो. प्रदर्शन गमतीच्या चित्रांचे असले तर उलटीच शंका निघते : 'पाहताच हसू येते, मग यात कला ती काय?' या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

चित्रांशी मावळचे नाते जुने आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना १८९९ मध्ये आपल्या मळवलीला आला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकावर एक ठसे घेत चित्र पुरे होई. येथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. १९७२ च्या आगीत तो छापखाना भस्मसात झाला. पण छापील प्रतीवरूनच चित्र ओळखण्याची सवय मात्र आपल्या अंगी मुरली.

हास्यचित्रेही आपल्याकडे मासिकांतूनच आली. अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'चे १९५२ मधील शि. द. फडणीस यांचे मुखपृष्ठ आठवा. तरुणाच्या शर्टावर मांजरे, तरुणीच्या साडीवर उंदीर! खाली एकही शब्द नाही. दोन कापडांवरची नक्षी शेजारी येते आणि तेवढ्याने दोन माणसांची गोष्ट तयार होते. चित्रातला हात, कपडा, उभे राहण्याची ढब सारे नेहमीचे. विक्षिप्त असते ती एकच गोष्ट. बाकीचे जग खरे वाटल्याशिवाय ती एक गोष्ट हसवत नाही. म्हणजे गमतीच्या चित्रालाही पक्के रेखाटन लागते. पुढे फडणीसांची हीच चित्रे 'हसरी गॅलरी' या प्रदर्शनातून भिंतीवर आली आणि मासिकाचा वाचक प्रेक्षक झाला.

आता जलरंगाकडे वळू. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना या माध्यमाचा हट्टीपणा ठाऊक आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. फिक्याकडून गडदाकडे जायचे. झाकलेला उजेड पुन्हा पूर्णपणे मिळत नाही. सा. ल. हळदणकरांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील प्रसिद्ध चित्र जलरंगातच आहे. बोटांच्या आडून झिरपणारा तो प्रकाश अशाच संयमाने साधलेला आहे.

विनोदाची जातही हीच नाही का? समजावून सांगितलेला विनोद मेला, आणि घासलेला जलरंग मळला. दोन्हींत नेमके कोठे थांबावे हे कळावे लागते. म्हणूनच मिस्कील कल्पना आणि जलरंग यांची जोडी जमते. ओघळलेला एखादा डाग ढग होतो, तर जरा कल्पना लढवली की तोच ढग म्हैस होतो.

अशा प्रदर्शनाला गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, चित्राखालची चिठ्ठी आधी वाचू नये. हसू डोळ्यांतून यावे, शीर्षकातून नव्हे. दुसरी, चित्र प्रथम चार पावले लांबून पाहावे, मग जवळून. लांबून कल्पना दिसते. जवळून कागदाचा पोत, ब्रशचा वेग आणि वाळलेल्या पाण्याची कड दिसते. छापील प्रतीत नेमके हेच हरवते. तिसरी, हसून झाल्यावर लगेच पुढे सरकू नये. 'आपण नेमके कशाला हसलो?' असे स्वतःला विचारावे. उत्तरात बहुधा आपलाच एखादा दिखाऊपणा सापडतो.

लोणावळा-मावळचे आपण पुणे आणि मुंबई यांच्या मधोमध राहतो. दोन्हीकडची कलादालने एका दिवसात पाहून परतता येते. मराठीच्या तासाला आपण विनोदी लेखांचा गंभीरपणे अभ्यास करतो. मग विनोदी चित्रांनीच काय घोडे मारले आहे? तेव्हा मित्रांनो, पुढच्या सुटीत एखाद्या छोट्या दालनात अवश्य डोकवा. तेथे कोणी परीक्षा घेत नाही. फक्त डोळे उघडे ठेवावेत, आणि हसू आले तर दाबू नये!