स्टिरिओ मुका झाला तर

इयत्ता दहावीच्या विज्ञानात आपण विद्युतधारा, रोध आणि विभवांतर शिकतो. उदाहरणे सोडवतो, गुण मिळवतो. पण घरातला स्टिरिओ रिसीव्हर बंद पडला की तेच विद्यार्थी दोन थापा मारतात आणि वडील म्हणतात, "कबाड्याला देऊन टाका." आपल्या ग्वाल्हेरात हे विशेष खटकते. लश्करातल्या कितीतरी मराठी घरांत अजून रेकॉर्डी आणि कॅसेटी जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत पं. कृष्णराव शंकर पंडितांचे (१८९३ – १९८९) गाणे आहे, ग्वाल्हेर परंपरेतल्या द. वि. पलुसकरांचे (१९२१ – १९५५) आहे. रिसीव्हर गेला की थोड्याच दिवसांत त्या पेट्याही माळ्यावर जातात. म्हणून हा पाठ.

रिसीव्हर म्हणजे एकाच डब्यात तीन यंत्रे: रेडिओ पकडणारा ट्यूनर, कोणते यंत्र ऐकायचे ते निवडणारा भाग आणि आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. दोष शोधताना प्रश्न एकच असतो. वीज किंवा ध्वनीचा संकेत कुठपर्यंत पोहोचला आणि कुठे अडकला?

यंत्रात दिवाच लागत नसेल तर आधी तोच प्लग दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये लावून पाहा. तरीही दिवा नसेल तर फ्यूज. काही रिसीव्हरांत तो मागच्या बाजूला, बाहेरून काढता येईल असा असतो. प्लग काढून मगच त्याला हात लावा. काचेच्या नळीतली तार तुटलेली दिसली तर जितक्या अँपिअरचा होता तितक्याच अँपिअरचा नवा घाला. नवाही लगेच उडाला तर दोष आत आहे, तिसरा घालू नका. इथे पालकांना स्पष्ट सांगतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालण्याचा 'जुगाड' हुशारीचा मुळीच नाही. फ्यूज स्वतः जळतो तो घर जळू नये म्हणून.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला रिसीव्हर असेल तर मागची पट्टी वाचा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो थेट लावू नये, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दिवा लागतो पण आवाज नाही, ही तक्रार सर्वांत जास्त. मिस्त्रीला बोलावण्याआधी समोरची बटणे नीट बघा. 'टेप मॉनिटर' हे बटण दाबलेले असेल आणि टेप जोडलेलाच नसेल तर रिसीव्हर गप्प राहतो, कारण तो टेपकडून येणाऱ्या संकेताची वाट बघत असतो. स्पीकरचे 'ए' आणि 'बी' स्विच, म्यूट, हेडफोनच्या भोकात राहून गेलेली पिन, हेही पाहा. धूळ पुसताना ही बटणे सहज दाबली जातात.

आता एकच बाजू वाजत असेल तर. पाठातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, कारण यात हत्यार लागत नाही, फक्त विचार लागतो. समजा डावी बाजू बंद आहे. रिसीव्हर बंद करा आणि त्याच्या मागे दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. पुन्हा चालू केल्यावर डावा स्पीकर बोलू लागला आणि उजवा गप्प झाला, तर स्पीकर आणि तारा निर्दोष, दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्याही आधी. डावा तरीही गप्पच, तर दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. पहिली स्थिती निघाली तर तारा जागेवर लावा आणि आता प्लेअरकडून येणाऱ्या दोन केबलींची रिसीव्हरच्या बाजूला अदलाबदल करा. शांतता उजवीकडे सरकली तर दोष केबलीत किंवा प्लेअरमध्ये. सरकली नाही तर रिसीव्हरमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर उत्तर मिळूनही कारण कळत नाही. आणि हो, हे सगळे करण्याआधी 'बॅलन्स'ची घुंडी मधोमध आहे ना, ते बघा!

चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो, तो रिलेचा. तो येत नसेल तर यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी स्पीकर तोडून ठेवले आहेत असे समजा. प्लग काढून सगळ्या स्पीकर तारा सोडवा आणि पुन्हा चालू करा. आता 'टक्' आले तर दोष बाहेर आहे. बहुधा तारेचा एखादा केसासारखा धागा शेजारच्या टोकाला चिकटलेला असतो. तरीही आले नाही तर मिस्त्रीकडे न्या.

गणेशोत्सवात आणखी एक प्रकार होतो. एकाच टोकाला दोन-दोन स्पीकर जोडले जातात. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध चार ओहम होतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला दुप्पट धारा. रिसीव्हरच्या मागे किमान आठ ओहम लिहिले असेल तर तो तापून बंद पडणारच. त्यात आपला मे-जूनचा ४५ अंशांचा उन्हाळा! रिसीव्हरवर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवणाऱ्या गृहिणींची क्षमा मागून सांगतो, वरच्या झरोक्यांतूनच तो श्वास घेतो. वर चार बोटे नाही, वीतभर जागा मोकळी हवी.

लू बरोबर येणारी धूळ आवाजाच्या घुंडीत बसते आणि ती फिरवताना खरखर होते. प्लग काढून घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, बरेचदा तेवढ्याने भागते. शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल घालू नये, त्यावर आणखी धूळ बसते.

सतत 'हूं' असा आवाज येत असेल तर सगळ्या केबली एकेक करून काढा. टीव्हीची केबल काढताच थांबला तर कारण तिथे आहे. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची बारीक अर्थची तार रिसीव्हरला जोडली आहे का पाहा. सगळे काढूनही आवाज राहिला तर आतले फिल्टर कपॅसिटर थकले असावेत. आवाज थांबावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. जुन्या वाड्यांत तर अर्थच नसते. विश्वस्त मंडळींनाही विनंती, शाळेच्या सभागृहातली अर्थ वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी.

रेडिओ फुसफुसत असेल तर थोडे गणित करू. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर. १०० मेगाहर्ट्झच्या एफ.एम. लहरीची लांबी ३ मीटर, तिची अर्धी दीड मीटर. म्हणून टी आकाराच्या तारेच्या अँटेनाचा आडवा भाग साधारण दीड मीटर असतो. तो गुंडाळून मागे कोंबू नका, भिंतीवर पसरवा. संकेत कमजोरच असेल तर 'मोनो' बटण दाबा, फुसफुस लगेच कमी होते.

मोनोवरून एक परीक्षा. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या १९५८ साली, म्हणजे पलुसकरांचे गाणे मोनोच आहे. ते लावून दोन स्पीकरांच्या बरोबर मधे बसा. स्वर समोरून, मधोमध आला पाहिजे. तो सगळीकडे पसरलेला वाटला आणि बायाचा घुमारा पातळ झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या आहेत. त्या एकाच स्पीकरच्या बदला.

झाकण मात्र विद्यार्थ्यांनी उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत वीज साठून राहते. मिस्त्रीकडे नेताना कोणती अदलाबदल केली आणि काय झाले, ते वहीच्या पानावर लिहून सोबत द्या. त्याचा अर्धा तास वाचतो आणि न बिघडलेला भाग बदलल्याचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत.