ताप ओसरल्यावर पाय का लुळे पडावेत?

प्रश्न : पुण्यात 2025 च्या आरंभी गुलेन-बारीची साथ आली, साध्या संसर्गातून असा विकार कसा उद्भवतो? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : देहाचे संरक्षक दल जंतूचा हुलिया टिपून त्याबरहुकूम प्रतिपिंडे रवाना करते, परंतु जंतूचा एखादा अंश आपल्याच मज्जातंतूंवरील शर्करायुक्त स्निग्धद्रव्याशी मिळताजुळता निघाला, तर तीच प्रतिपिंडे निरपराध मज्जातंतूंवर जप्ती आणतात आणि दौर्बल्य बहुधा पायांपासून वर चढू लागते. पुण्यात मुख्य संशय कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूवर होता, विषाणूवर नव्हे. मात्र फ्रेंच पॉलिनेशियात 2013-14 मध्ये झिका विषाणूच्या साथीत 42 जणांना हाच विकार जडला. संसर्ग झालेल्यांपैकी क्वचितच कोणी यात सापडतो. तथापि पाय अकस्मात जड पडल्यास ती गोष्ट ठाण्यापर्यंतच्या उभ्या लोकल-प्रवासाच्या खाती न मांडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.