नव्या कोळंबी-तळ्यातील निमखाऱ्या पाण्याची तयारी

कोकणात खाडीकाठच्या खारजमिनीत नवे तळे खोदून भरले की लगेच कोळंबीचे बीज सोडण्याची घाई केली जाते. बीज महाग, ते ठरलेल्या दिवशीच मिळावयाचे, आणि पाणी तर डोळ्यांना स्वच्छ दिसते. परंतु स्वच्छ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे.

प्रथम मातीकडे पाहावे. खाजणाच्या काही मातीत लोह व गंधक यांचे संयुग असते. ओल्या, हवाबंद स्थितीत ते निरुपद्रवी राहते. खोदकामाने माती उघडी पडून वाळली म्हणजे प्राणवायूशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते. वाळलेल्या ढेकळांवर फिके पिवळे डाग दिसल्यास सामू अवश्य तपासून घ्यावा. अशा तळ्यात उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीने घ्यावे, काही दिवस ठेवावे व सोडून द्यावे. सामू स्थिर होईपर्यंत हे पुनःपुन्हा करावे. बांधाच्या आतील उतारावरही चुना पसरावा, कारण पावसाबरोबर आम्ल तेथूनच तळ्यात उतरते.

पाण्याचा सामू ७.५ ते ८.५ असावा. तो पहाटे सर्वांत कमी व दुपारी सर्वांत जास्त असतो, म्हणून दोन्ही वेळा मोजावा. या दोहोंत अर्ध्याहून अधिक फरक पडू लागला तर पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल शोषून सामू सांभाळण्याची शक्ती, अपुरी आहे असे समजावे. ती दर लिटरला निदान १०० मिलिग्रॅम असावी. ती वाढविण्यास चुनखडीची भुकटी उत्तम. खाण्याचा सोडाही चालतो, पण मोठ्या तळ्यास तो परवडत नाही.

अमोनियाची गोष्ट अधिक नाजूक आहे. उरलेले खाद्य व विष्ठा यांपासून तो निर्माण होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पण नव्या तळ्यात हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात, आणि या क्रियेत अल्कताही खर्च होते. म्हणून आरंभी बीज विरळ व खाद्य बेताचे ठेवावे.

कोळंबी मलूल दिसताच कळीचा चुना टाकण्याची चाल काही ठिकाणी आहे. अमोनिया साचला असता ती घातक होय. ३० अंश सेल्सिअस तापमानास सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ७ टक्के विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की हाच अंश ४० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे अमोनिया तितकाच, परंतु विष कितीतरी पट! अशा वेळी खाद्य थांबवावे, वायुवीजन यंत्रे चालू ठेवावीत व थोडे पाणी बदलावे. विस्तार कार्यकर्त्यांनी अमोनिया व सामू दोन्ही एकाच वेळी मोजून मगच सल्ला द्यावा.

जोराच्या पावसात गोडे पाणी वर तरंगते. ते वरच्या फळ्या काढून बाहेर जाऊ द्यावे आणि नंतर क्षारता व अल्कता पुन्हा मोजावी.

बीज आणण्यापूर्वी संवर्धनगृहातील पाण्याची क्षारता विचारून घ्यावी. तेथे दर हजारी ३० भाग आणि तळ्यात १५ असतील, तर बीजाच्या भांड्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळत काही तास घालवावेत; फरक याहून मोठा असल्यास संवर्धनगृहातच क्षारता आधी काही दिवस उतरवून मागावी. बीज सकाळी किंवा सायंकाळी, ऊन नसताना सोडावे.