मोटारीचा सायलेन्सर : पारख आणि बसवणी

मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार आणि गॅरेजचे काम या दोन्ही धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड असो की पुण्यातील नाना पेठ, सायलेन्सरच्या कामाचे गिऱ्हाईक रोज दुकानाच्या पायरीशी उभे असते. काम दिसायला सोपे. जुना डबा कापला, नवा जोडला, पैसे घेतले. परंतु हेच काम कच्चे झाले तर गाडीत बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतते, आणि चुकीचा माल बसविला तर गिऱ्हाईकाला दंड भरावा लागतो. म्हणून या कामाची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

कंपनीच्या कॅटलॉगमध्ये या वस्तूला ‘मफलर’ म्हणतात. गळ्यात गुंडाळतो तोच शब्द. बाजारात मात्र सायलेन्सर हेच नाव चालते, तेव्हा आपणही तेच वापरू. इंजिनापासून मागे पाहत गेल्यास प्रथम मेनीफोल्ड, मग पुढचा पाईप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काही गाड्यांत मधला छोटा डबा, नंतर मागचा मोठा डबा आणि शेवटी टेलपाईप अशी रचना असते. नवीन गाड्यांत कन्व्हर्टर बहुधा मेनीफोल्डलाच चिकटलेला असतो. आपण बोलणार आहोत ते मागच्या डब्याबद्दल.

डब्याच्या आत काय असते?

दोन जाती आहेत. पहिल्या जातीत डब्याच्या आत पत्र्याचे आडवे पडदे घालून दोन-तीन खोल्या केलेल्या असतात. धूर एका खोलीतून दुसरीत वळत जातो, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून कमी होतात. कंपनीकडून येणाऱ्या बहुतेक घरगुती मोटारींना हाच डबा असतो. दुसऱ्या जातीत जाळीचा पाईप सरळ आरपार जातो आणि त्याच्याभोवती काचेची लोकर किंवा तत्सम धागा ठासलेला असतो. याला धुराची अडवणूक कमी होते. पण लोकर जळून उडाली की दीड-दोन वर्षांतच डबा ढोलासारखा वाजू लागतो. तरुण मुले हाच मागतात. त्यांना आवाज हवा असतो, पण सांगताना ‘पिकअप वाढेल’ असे सांगतात. साध्या हजार-बाराशे सीसीच्या गाडीत नुसता मागचा डबा बदलून ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. ‘इंजिनाला मागचा दाब लागतोच’ हे आपल्या मिस्त्री लोकांचे वाक्यही अर्धेच खरे आहे. दाबाचा फायदा काही नाही. लागतो तो धुराचा वेग. पाईप गरजेपेक्षा जाड घातला तर धूर मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी सुस्त होते. म्हणून कंपनीच्या पाईपचा जो व्यास, तोच नव्या डब्याच्या तोंडाचा ठेवावा.

माप घेताना येथेच घोळ होतो. सायलेन्सरची नळी बाहेरच्या व्यासाने मोजतात आणि हार्डवेअरच्या दुकानातील पाण्याचा पाईप आतल्या नाममात्र मापाने विकतात. ‘सव्वा इंची’ म्हणून आणलेला पाण्याचा पाईप बाहेरून ४२ मिलिमीटर भरतो. कॅलिपर नसेल तर दोरा गुंडाळून घेर मोजावा व ३.१४ ने भागावे; घेर १३२ मिलिमीटर आला तर व्यास ४२. व्यासाशिवाय डब्याची लांबी, दोन्ही तोंडे मध्यावर आहेत की कडेला, आणि हँगरच्या सळया कोणत्या बाजूला आहेत हे जुना डबा शेजारी ठेवूनच पाहावे. नुसते गाडीचे नाव सांगून माल मागविला तर एकाच गाडीच्या पेट्रोल, डिझेल व सीएनजी मॉडेलचे डबे वेगळे निघतात आणि परतीचा खर्च दुकानदाराच्या अंगावर येतो.

पत्र्याची पारख

डबा बाहेरून गंजतो हे सर्वांना दिसते, पण जास्त खातो तो आतून. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांबच्या प्रवासात डबा तापतो व ही वाफ निघून जाते. पण घर ते बाजार असे दोन किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाडीत ती डब्यातच थंड होऊन साचते आणि धुरातील आम्लाबरोबर पत्रा कुरतडते. सीएनजीवर हा त्रास अधिक. एक किलो गॅस जळला की सव्वादोन किलो पाणी निघते; तेवढ्याच अंतराला हिशेब केला तर पेट्रोलच्या दीडपट. सीएनजी टॅक्सीचा व रिक्षाचा सायलेन्सर लवकर का सडतो, याचे मोठे कारण हे आहे. चांगल्या डब्याला तळाशी सर्वांत खालच्या जागी सुईएवढे भोक ठेवलेले असते. ते पाणी निघून जाण्यासाठी आहे. पाणी ठिबकताना दिसले म्हणून काही कारागीर ते वेल्डिंगने बुजवतात आणि गिऱ्हाईकही खूष होते. वर्षभरात डबा तळातून फुटतो.

साधा काळा पत्रा सर्वांत स्वस्त. त्यावर चंदेरी रंग मारला की नवशिक्याला तो स्टेनलेस वाटतो. त्याच्या वरच्या पायरीवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा येतो, आणि रोजच्या गाडीसाठी आमच्या मते हाच पैसे वसूल करणारा माल आहे. फक्त कापलेल्या व जोडलेल्या जागी मुलामा जातो, तेथे उष्णता सोसणारा रंग न विसरता मारावा. त्यावर स्टेनलेसचे ४०९ आणि ३०४ हे प्रकार. आता लोहचुंबकाची गोष्ट. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टेनलेस’ ही बाजारातील कसोटी फसवी आहे. ४०९ ला चुंबक घट्ट चिकटतो, तरी तो मोटारीच्या सायलेन्सरसाठीच वापरला जाणारा चांगला माल आहे. वरून थोडा तपकिरी पडतो एवढेच. उलट भांडी व रेलिंग यांत चालणारा २०२ हा हलका स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ म्हणून सर्रास गळ्यात मारला जातो. खात्री करायची तर माल देणाऱ्याकडून बिलावर ग्रेड लिहून घ्यावी, किंवा ग्रेड तपासण्याचे जे द्रव मिळते त्याचा थेंब टाकून पाहावा.

पत्र्याची जाडीही पाहावी. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. किनाऱ्यालगतच्या भागात, रत्नागिरी-अलिबागकडे, खाऱ्या हवेत पातळ काळ्या पत्र्याचा डबा देणे म्हणजे गिऱ्हाईक कायमचे घालवणे.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नये. खाली घोड्या लावाव्यात किंवा पिटवर घ्यावी. नट गंजलेले असतील तर आदल्या दिवशी गंज सोडविणारे तेल मारून ठेवले की हातोडा कमी लागतो. पुढच्या फ्लँजचे स्टड तुटले की एका तासाचे काम दिवसभराचे होते, म्हणून तेथे घाई नको. रबरी हँगर ताणलेले किंवा चिरलेले असतील तर नव्या डब्याबरोबर नवेच घालावेत. किंमत किरकोळ असते, आणि नवा डबा जुन्या रबरावर लोंबकळला तर सगळा भार जोडावर येतो.

डबा प्रथम फक्त टेकवून, क्लॅम्प सैल ठेवून बसवावा. मग गाडी चाकांवर उतरवून पुन्हा पाहावे. हवेत उचललेल्या गाडीचा मागचा एक्सल खाली लोंबतो आणि पाईपला भरपूर जागा आहे असे वाटते. चाकांवर उतरली, मागे तीन माणसे बसली, खड्ड्यात गेली की तोच एक्सल वर येऊन पाईपवर आदळतो. टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग आणि बॉडी यांपासून निदान दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवीच. पेट्रोलच्या टाकीजवळ व गॅसच्या नळीजवळ त्याहून जास्त. उष्णता अडवणारा पत्रा खडखडतो म्हणून काढून फेकण्याची सवय वाईट आहे. क्लिप बदलून तो पुन्हा लावावा.

पाईप तापला की लांबतो, हेही लक्षात ठेवावे. मीटरभर ३०४ चा पाईप ३०० अंशांनी तापला तर सुमारे ५ मिलिमीटर वाढतो, साधा लोखंडी साडेतीन. म्हणून डबा बॉडीला पक्क्या पट्टीने जखडून टाकू नये. रबर त्याचसाठी आहे.

जोड घालताना इंजिनाकडचा पाईप मागच्या पाईपच्या आत जावा, आणि दोन्ही एकमेकांत दीड-दोन इंच बसावेत. यू-क्लॅम्प स्वस्त पडतो पण पाईप चेपतो, मग पुढच्या वेळी कापल्याशिवाय निघत नाही. रुंद पट्टीचा क्लॅम्प बरा. वेल्डिंग करायचे असेल तर गाडीवर फक्त टाके मारावेत, डबा खाली काढून टेबलावर पूर्ण वेल्ड करावा, आणि मग पुन्हा चढवावा. गाडीवर टाके मारण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, अर्थची पकड वेल्डिंगच्या जागेला लागूनच लावावी, नाहीतर करंट भलतीकडून फिरून कंप्युटर जाळतो. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि ठिणगी तिकडे जाऊ देऊ नये. स्टेनलेसला साध्या पत्र्याशी जोडताना ३०९ ची काडी वापरावी. नेहमीच्या काडीने जोड बसतो खरा, पण पहिला गंज तेथूनच सुरू होतो.

एक गोष्ट कारागिराच्या स्वतःच्या छातीची. जी.आय. पाईप सायलेन्सरला कधीही लावू नये. वेल्डिंगमध्ये त्यावरील जस्ताचा धूर होतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. सकाळी ताप उतरतो म्हणून मलेरिया समजून गोळ्या घेणारे कारागीर आहेत. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हा धूर उतरत नाही. मोकळी हवा आणि चांगला मास्क हाच उपाय. जुना डबा कापताना आतील लोकर व काजळी पाण्याने भिजवून घ्यावी.

काम झाल्यावर इंजिन चालू करून टेलपाईपच्या तोंडावर जाड ओला कपडा क्षणभर दाबावा. जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरू लागते. कोठे गळत असेल तर तेथून फुसफुस ऐकू येते. साबणाचे पाणी लावले की बुडबुड्यांनी जागा सापडते. ही तपासणी बंद शटरमागे करू नये. या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही. याच कारणासाठी टेलपाईपचे तोंड बंपरच्या खाली न ठेवता बॉडीच्या कडेच्या बाहेर काढावे. तोंड आत राहिले तर धूर डिकीच्या फटीतून मागच्या सीटवर येतो, आणि मागच्या सीटवर बहुधा मुले असतात.

कायदा व कन्व्हर्टर

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार प्रत्येक गाडीला सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. आवाज व धूर यांची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकते. बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली घातल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. मोटारीलाही तोच कायदा आहे. मूळ मापाचा, मूळ आवाजाचा डबा बदलणे ही दुरुस्ती आहे, तिला कोणी हरकत घेत नाही.

खरी कसोटी कन्व्हर्टरपाशी लागते. नव्या पेट्रोल मोटारींना तो चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो, आणि भंगारवाल्याकडे त्याला चांगला भाव येतो. त्यामुळे ‘चोक झाला होता, काढून टाकला’ असे सांगून पाईप सरळ जोडायचा आणि कन्व्हर्टर स्वतः विकायचा, असे प्रकार होतात. गिऱ्हाईकाला कळत नाही. कळते तेव्हा पी.यू.सी. मिळत नसते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटलेला असतो. गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू गिऱ्हाईकाची अमानत आहे, भंगारसुद्धा. कन्व्हर्टर खरोखर वितळून बंद झाला असेल तर तो कापून समोर ठेवावा, नवा किती रुपयांना पडेल ते सांगावे, आणि इंजिन मिसफायर करीत असेल तर आधी ते दुरुस्त करावे. नाहीतर नवाही तसाच वितळेल. बी.एस. ६ गाड्यांत (एप्रिल २०२० नंतरच्या) कन्व्हर्टर, त्याचे सेन्सर व डिझेलमधील काजळी गाळणारा फिल्टर यांना हात लावायचा असेल तर स्कॅनर आणि त्याचे ज्ञान असलेला माणूस पाहिजे. ते नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवावे.

बिलावर डब्याचा पत्रा, ग्रेड, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि वॉरंटीची मुदत लिहावी. वॉरंटी डब्याची आहे की जोडाचीही, हे त्याच ओळीत लिहिले तर पुढचा वाद टळतो. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा आवळण्यासाठी गाडी फुकट बोलवावी. पाच मिनिटांचे काम असते.